फायबरची होडी घरी रंगविताना : रंगाआधीची परीक्षा महत्त्वाची

नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली, की कोकणातील बंदरांवर आणि पुळणींवर नौका रंगविण्याची लगबग सुरू होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात, जाळी दुरुस्त होतात आणि श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्यापूर्वी नौकांवर नवा रंग चढतो. एकेकाळी या होड्या साग, आंबा, फणस अशा लाकडांच्या असत. काजूच्या टरफलाचे तेल, राळ, डांबर यांनी त्यांची निगा राखली जाई. गेल्या काही दशकांत त्यांपैकी अनेकांची जागा काचतंतूंच्या, म्हणजेच बोलीभाषेतील ‘फायबर’च्या होड्यांनी घेतली आहे. मासेमारांपाठोपाठ खाडीकाठी घर असलेले चाकरमानी, पर्यटकांची राहण्याची सोय करणारी कुटुंबे आणि जलाशयांवर नौकानयन करणारे शहरी हौशी यांच्याकडेही चार-पाच मीटर लांबीच्या अशा होड्या दिसू लागल्या आहेत.

फायबरला गंज चढत नाही आणि कीडही लागत नाही. त्यामुळे तिला देखभाल नकोच, असा समज रूढ झाला आहे. रंग उडाला की एखाद्या रविवारी दोन डबे आणून होडी रंगवून टाकावी, एवढेच तिचे कौतुक. हा समज महागात पडू शकतो. लाकडाची होडी कुजू लागली की ती दिसते. फायबरच्या होडीतील दोष मात्र ताज्या रंगाखाली सहज झाकले जातात. म्हणूनच घरच्या घरी होडी रंगविणे म्हणजे प्रथम तिची परीक्षा आणि नंतर रंगकाम होय. हा क्रम ज्याने पाळला, त्याचा रंग टिकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या होडीत बसणारी माणसे सुरक्षित राहतात.

बाह्य कवचाचे काम

फायबरची होडी साच्यात तयार होते. साच्याच्या आतील बाजूस प्रथम मेणासारखे द्रव्य लावतात, त्यावर रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा थर देतात आणि त्यामागे काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवितात. सर्वांत बाहेरच्या या रंगीत थराला ‘जेलकोट’ म्हणतात. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. होडीला बळ देतात ते काचतंतूंचे थर. पाणी आणि ऊन यांपासून त्या थरांचे रक्षण करतो तो जेलकोट.

उन्हातील अतिनील किरणांमुळे जेलकोट हळूहळू निस्तेज होतो. त्यावरून बोट फिरविले तर खडूसारखी पांढरी भुकटी लागते. दोष एवढाच असेल, तर रंगाची गरजच नसते. बारीक वॉटर पेपरने ओली घासाई करून, पॉलिशिंग कंपाउंड आणि मेण लावले तर मूळ चकाकी बऱ्याच अंशी परत येते. जेलकोट झिजून खालचे तंतू दिसू लागले असतील, जागोजागी दुरुस्तीचे ठिगळ असेल किंवा होडी आधीच रंगविलेली असून तो रंग सुटत असेल, तरच पूर्ण रंगकाम हाती घ्यावे.

दुसरा दोष अधिक गंभीर असतो. जेलकोट दिसायला काचेसारखा असला, तरी दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास त्यातून पाण्याचे सूक्ष्म अंश आत झिरपतात. आतील थरांत रेझिनचे काही विद्राव्य घटक उरलेले असतील, तर ते त्या पाण्यात मिसळून दाट द्रावण तयार होते. हे द्रावण बाहेरचे आणखी पाणी ओढून घेते, दाब वाढतो आणि तळावर फोड येतात. या प्रक्रियेला ‘ऑस्मोसिस’ म्हणतात. फोड फोडल्यावर त्यातून चिकट द्रव आला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास असला, तर निदान जवळजवळ निश्चित समजावे. अशा फोडांवरून रंग फिरविणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना मारण्यासारखे आहे.

आधी ठोका, मग घासा

होडी रिकामी करून, इंजिन उतरवून आणि तळाचे बूच काढून ती आडोशाच्या, हवेशीर जागी घ्यावी. लहान होडी जुन्या टायरांवर किंवा वाळूच्या पोत्यांवर उपडी ठेवता येते. वजन एकाच बिंदूवर येणार नाही आणि होडी कलंडणार नाही, याची खात्री करावी. माडाखालची जागा टाळणे शहाणपणाचे. नारळ आणि झावळ्या होडीलाही घातक आणि माणसालाही. मीठ, शेवाळ आणि चिकटलेले शिंपले काढून होडी गोड्या पाण्याने भरपूर धुवावी.

त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने किंवा लाकडी ठोकळ्याने सर्व पृष्ठभाग हलकेच ठोकून पाहावा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. थर एकमेकांपासून सुटले असतील, तर तो बद्द येतो. अशा जागा खडूने खुणावून ठेवाव्यात. इंजिन बसते ती मागची फळी विशेष काळजीने तपासावी. अनेक होड्यांत तिच्या पोटात प्लायवुड असते आणि स्क्रूच्या छिद्रांतून शिरलेल्या पाण्याने ते कुजते. इंजिन बसवून हलक्या हाताने वर-खाली हलविल्यास ही फळी लवत असेल, तर रंगकाम बाजूला ठेवून प्रथम कुशल कारागिराकडे जावे.

जेलकोटवरील केसासारख्या भेगांचेही दोन प्रकार असतात. एखाद्या कड्याभोवती किंवा आघाताच्या जागेभोवती ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा तेथे ताण येत असल्याचे सांगतात. केवळ वरून लुकण भरल्यास त्या पुन्हा उमटतात. कड्यामागे आधाराची पट्टी देऊन ताण कमी करावा, भेग टोकदार हत्याराने किंचित रुंद करावी आणि मगच इपॉक्सीचे लुकण भरावे. चार-दोन फोड असल्यास तेही उघडून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून, पूर्ण सुकवून याच प्रकारे भरता येतात. सुकण्यास काही आठवडे लागू शकतात. तळ सुकला की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी : पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तळावर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतील बाजूस दव जमले असेल, तर अंग अजून ओले आहे. फोड सर्व तळभर असतील, तर मात्र हे काम घरच्या अंगणाचे नव्हे.

दुरुस्तीच्या सामानाबाबत एक नियम पक्का लक्षात ठेवावा. पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम चिकटते. परंतु इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने चिकटत नाही. त्यामुळे इपॉक्सीने भरलेल्या जागेवर नवा जेलकोट न देता रंगच द्यावा.

मेण काढण्याचा क्रम

घरी केलेल्या रंगकामात पुढे रंगाचे पापुद्रे निघतात, त्याचे एक नेहमीचे कारण मेण हे असते. साच्यातील द्रव्याचे अंश आणि वर्षानुवर्षे लावलेले पॉलिश पृष्ठभागावर असते. ते न काढता घासाई सुरू केली, की पॉलिश पेपर तेच मेण बारीक ओरखड्यांत दाबून बसवितो. म्हणून क्रम असा हवा : प्रथम साबणपाणी, मग मेण काढणारे द्रावण आणि त्यानंतर घासाई. द्रावण एका फडक्याने लावावे आणि लगेच दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. फडकी वारंवार बदलावीत. शेवटी पाणी ओतून पाहावे. पाणी अखंड पडद्यासारखे पसरले, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते थेंबाथेंबाने गोळा झाले, तर मेण शिल्लक आहे.

जुना रंग काढण्यासाठी बाजारातील सर्वसाधारण ‘पेंट रिमूव्हर’ वापरू नये. त्यातील काही द्रावके रंगासोबत जेलकोट आणि रेझिनही मऊ करतात. जुना रंग घट्ट असेल, तर तो पूर्ण काढण्याची गरज नसते. मात्र तो कोणत्या प्रकारचा आहे, हे कळले पाहिजे. नव्या रंगाच्या थिनरमध्ये भिजविलेले फडके एका कोपऱ्यात काही मिनिटे ठेवावे. जुना रंग सुरकुतला वा मऊ झाला, तर त्यावर तो नवा रंग चालणार नाही.

घासाईसाठी सैल रंग आणि खडबडीत जागा असतील तेथे ८० ते १२० क्रमांकाचा, प्रायमरपूर्वी १८० ते २२० क्रमांकाचा आणि अंतिम रंगाच्या दोन थरांदरम्यान ३२० क्रमांकाच्या आसपासचा कागद साधारणपणे पुरतो. नेमके आकडे रंगाच्या माहितीपत्रकात दिलेले असतात आणि ते प्रमाण मानावेत. चकाकी पूर्णपणे जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला पाहिजे. यंत्राने एकाच जागी रेंगाळल्यास अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट पाहता पाहता निघून जातो, याचे भान ठेवावे.

कोणत्या भागाला कोणता रंग?

जलरेषेच्या वरचा आणि खालचा भाग यांच्या गरजा वेगळ्या आहेत. वरच्या भागाला ऊन आणि घर्षण सोसावे लागते. तेथे एका डब्यातील मरीन इनॅमल किंवा दोन डब्यांतील पॉलियुरेथेन रंग वापरतात. इनॅमल स्वस्त, लावण्यास सोपे आणि चूक सुधारण्यास सोयीचे. पण ते लवकर फिके पडते. पॉलियुरेथेन अधिक कडक आणि टिकाऊ, परंतु त्यातील हार्डनर आरोग्याच्या दृष्टीने घातक असतो. नवख्याने घरी इनॅमलचा पर्याय निवडणे गैर नाही.

जलरेषेखाली हे चकाकीचे रंग सहसा चालत नाहीत. सतत पाण्यात राहिल्यास त्यांना फोड येतात. तेथे इपॉक्सी प्रायमरचे थर आणि त्यावर शेवाळ-शिंपल्यांना रोखणारा ‘अँटिफाउलिंग’ रंग देतात. त्यात बहुधा तांब्याचे संयुग असते. होडी दर फेरीनंतर पुळणीवर ओढली जात असेल किंवा ट्रेलरवरून घरी नेली जात असेल, तर या रंगाची गरज नसते. काही प्रकार तर कोरडे पडल्यावर निष्प्रभ होतात. इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या भागांना तांबेयुक्त रंग लावू नये. खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संयोगाने अॅल्युमिनियम झिजते. झीज स्वतःवर घेण्यासाठी बसविलेल्या जस्ताच्या तुकड्यांना तर कोणताच रंग नको. ते झाकले गेले की त्यांचे काम थांबते.

या रंगांचा इतिहास सावध करणारा आहे. ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग असलेले रंग एकेकाळी अतिशय परिणामकारक मानले जात. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची शेती या संयुगामुळे संकटात आली आणि फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्याच्या वापराला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये यासंबंधीचा करार स्वीकारला आणि तो सप्टेंबर २००८ मध्ये अमलात आला. होडीच्या तळाचा रंग खाडीतल्या कालवांपर्यंत पोहोचतो, हे त्यातून जगाला कळले.

रंग किती लागेल, याचा अंदाज सोपा आहे. वरच्या भागासाठी लांबी आणि रुंदी यांच्या बेरजेची दुप्पट करून तिला पाण्यावरील सरासरी उंचीने गुणावे. ५ मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि पाण्यावर अर्धा मीटर उंच असलेल्या होडीचे बाहेरील क्षेत्र सुमारे ६.६ चौरस मीटर भरते. एका लिटरमध्ये १० चौरस मीटर धरल्यास दोन थरांना साधारण दीड लिटर रंग पुरतो. फिकट छटा निवडणे हितावह. गडद रंग उन्हात अधिक तापतो आणि त्यावर पृष्ठभागाचे उंचवटेही ठळक दिसतात.

मासेमारीसाठी नोंदलेल्या नौकेबाबत रंगाची निवड सर्वस्वी मालकाच्या हाती नसते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेचा भाग म्हणून अशा नौकांसाठी राज्यनिहाय रंगसंकेत ठरविण्यात आले. त्यामुळे रंग घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. कोणत्याही होडीवरील नोंदणी क्रमांक घासाईपूर्वी मोजमापासह टिपून ठेवावा आणि पूर्वीच्याच जागी ठळकपणे पुन्हा लिहावा.

हवामान पाहूनच डबा उघडावा

मासेमारांना बंदीच्या काळातच रंगकाम उरकावे लागते. हौशी मालकावर तशी सक्ती नाही. कोकणातील पावसाळी हवा रंगकामाला अजिबात अनुकूल नसते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना रंग लावू नये आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, असा या क्षेत्रातील सर्वमान्य दंडक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या दृष्टीने उत्तम. मात्र हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी दव पडते. सकाळचे दव पूर्ण सुकल्यावर काम सुरू करावे आणि सूर्यास्तापूर्वी किमान दोन-तीन तास आधी थांबावे. ओल्या रंगावर दव पडले, की चकाकी मरते.

थेट उन्हात तापलेल्या अंगावरही रंग लावू नये. तो पसरण्यापूर्वीच आळतो आणि कुंचल्याचे फराटे राहतात. समुद्रकाठी आणखी एक अदृश्य शत्रू असतो, तो म्हणजे खारा वारा. एका रात्रीत पृष्ठभागावर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. तो दोन थरांत अडकला तर पुढे तेथेच फोड येतात. म्हणून प्रत्येक नव्या थरापूर्वी गोड्या पाण्याने पुसून आणि सुकवून घ्यावे. इपॉक्सी आळताना त्यावर कधी कधी मेणकट साय धरते. तीही साबणपाण्याने धुवून मगच घासाई करावी.

रंग लावण्यासाठी घरी रोलर आणि कुंचला यांची जोडी पुरेशी आहे. एकाने बारीक लव असलेल्या रोलरने पातळ थर द्यावा आणि दुसऱ्याने लगेच मऊ कुंचल्याच्या टोकाने तो हलकेच ओढून बुडबुडे मोडावेत. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. दोन घटकांचे रंग डब्यावरील प्रमाणातच मोजून मिसळावेत. लवकर सुकावा म्हणून हार्डनर वाढविणे ही मोठीच चूक ठरते. ३० अंशांच्या हवेत मिश्रण लवकर आळते. त्यामुळे थोडे थोडेच तयार करावे. थिनरही त्याच रंगासाठी सांगितलेले हवे. जलरेषेवरील चिकटपट्टी शेवटचा रंग पूर्ण वाळण्याआधीच अलगद काढावी, म्हणजे कड स्वच्छ राहते.

फुप्फुसे, डोळे आणि खाडी

दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा ती संवेदनशीलता निर्माण झाली, की नंतर अल्प संपर्कही त्रासदायक ठरतो. त्यामुळे हा रंग घरी फवाऱ्याने कधीही मारू नये. त्यासाठी स्वतंत्र हवापुरवठा असलेले मुखवटे लागतात. कुंचल्याने लावतानाही जागा मोकळी असावी, द्रावकांच्या वाफांसाठीचा कार्ट्रिज असलेला मुखवटा आणि हातमोजे वापरावेत. धुळीसाठीचा साधा मास्क वाफा अडवीत नाही. घासाईच्या वेळी मात्र धुळीचा चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. सोसायटीच्या वाहनतळात, बंद गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघरालगत हे काम करू नये. द्रावकांच्या वाफा ज्वालाग्राही असतात.

पॉलिएस्टर रेझिनने दुरुस्ती करणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखावा. या रेझिनला आळविणारा पेरॉक्साइड हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. हा हार्डनर आणि कोबाल्टचा वेगवर्धक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. वेगवर्धक आधी रेझिनमध्ये नीट ढवळावा आणि मगच हार्डनर घालावा. आधीच वेगवर्धक मिसळलेले रेझिन मिळत असेल, तर तेच घ्यावे.

जुना अँटिफाउलिंग रंग कोरडा घासू नये. ओली घासाई करावी. होडीखाली ताडपत्री अंथरून भुकटी, पापुद्रे आणि गाळ गोळा करावा. तो विहिरीजवळ, खाजणात किंवा गटारात जाता कामा नये. उरलेले मिश्रण पातळ पसरून कडक होऊ द्यावे. डब्यात ढीग राहिल्यास ते तापून धुरावते.

घाईचा शेवट नको

रंग हाताला कोरडा लागला, तरी आतून कडक होण्यास त्याला वेळ लागतो. चकाकीच्या रंगांना साधारण आठवडाभर द्यावा. तळाच्या रंगाबाबत माहितीपत्रकातील मुदत पाळावी. काही अँटिफाउलिंग रंगांना उलट कमाल मुदत असते आणि तिच्या आत होडी पाण्यात जावी लागते. रंगाचे नाव, प्रायमरचा प्रकार, थरांची संख्या आणि तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या वेळी नवा रंग जुन्यावर बसेल की नाही, याचे उत्तर त्या वहीतच मिळते. ठोकून खुणावलेल्या जागा आणि भरलेल्या फोडांचा नकाशाही तिथेच काढावा. पुढील वर्षी त्याच जागी पुन्हा फोड दिसला, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कारागिराला बोलवावे.

नियमित वापराच्या होडीला प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याची धुलाई आणि वापर नसताना सावली एवढे मिळाले, तरी रंगाचे आयुष्य लक्षणीय वाढते. आठवडाभराच्या कामात प्रत्यक्ष रंग लावण्यास जेमतेम दोन दिवस लागतात. उरलेले दिवस धुणे, ठोकणे, घासणे आणि वाट पाहणे यांत जातात. भरतीच्या पाण्यात होडी कितपत भरवशाची ठरेल, हे त्या दिवसांतच ठरलेले असते.